शिळा ऊस, किडकी दाढ

तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, हे बारामती-इंदापूरकडच्या माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगरच्या कारखान्यावर कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. गाड्यांची रांग लांबली, गाळप एक-दोन दिवस थांबलं, की उसाचं वजन घटतं आणि साखरेचा उतारा खाली येतो. त्यातही वाईट म्हणजे शिळ्या उसाच्या रसाला बुळबुळीत तार येते. असा रस गाळायला वेळ लागतो, पाक घट्ट होऊनही नीट दाणा धरत नाही, आणि धरलाच तर स्फटिक लांबट, वेडेवाकडे येतात. कारखान्याचे केमिस्ट या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू कोयत्याने कापलेल्या टोकातून उसात शिरतो, साखर फोडतो आणि तिच्यातलं ग्लुकोज एकाला एक जोडत लांबच लांब साखळी विणतो. तीच ही तार.

युरोपातल्या बीटच्या साखर कारखान्यांना या उपद्रवाने एकोणिसाव्या शतकातच जेरीला आणलं होतं. त्यामागे सूक्ष्मजीव आहेत हे लुई पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं. १८७८ मध्ये फिलिप व्हॅन टिगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या जिवाणूचं नामकरणही करून टाकलं. साखरवाल्यांना आपला शत्रू असा लवकर सापडला.

माणसाच्या दातावर जवळपास हीच करणी करणारा एक जिवाणू आहे. साखरेपासून तोही चिकट साखळी विणतो, तिच्या आधाराने दाताला धरून बसतो आणि उरलेल्या साखरेचं आम्ल करतो. त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. १९२४ मध्ये तो किडलेल्या दातातून वेगळा काढला गेला, त्याचं वर्णन छापून आलं, बारसंही झालं. आणि मग चाळीसएक वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. त्याच्या अज्ञातवासाची ही वर्षं आणि इकडे नीरा नदीकाठी साखर वाढत गेल्याची वर्षं जवळजवळ एकच आहेत.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले तालुके. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा टापू होरपळून निघाला. त्यानंतर सरकारने नीरा डाव्या कालव्याचं काम हाती घेतलं आणि १८८५ मध्ये कालव्याला पाणी सुटलं. ज्वारी-बाजरीवर पिढ्या काढलेले इथले शेतकरी सुरुवातीला त्या पाण्याला बिचकून होते. पाण्याची नस ओळखली ती सासवडकडच्या माळी बागायतदारांनी. त्यांनी इथे येऊन खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. चुलवणावर काहिली चढल्या आणि गुळाच्या ढेपा बाजाराला जाऊ लागल्या. १९२० च्या दशकात भाटघरला जुन्या धरणाच्या जागी मोठं लॉइड धरण उभं राहत होतं, तेव्हा कालव्याखालचा ऊस हे या भागाचं नगदी पीक झालेलं होतं.

त्या काळी दाढ ठणकू लागली की गावात दोष किड्याला दिला जाई. दातात किडा बसला आहे आणि तो आतून दात पोखरतो, अशी समजूत. उपाय म्हणून काटेरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची. ही समजूत आपल्याकडचीच होती असंही नाही. युरोपात हाच उपचार खुरासनी ओव्याच्या बियांनी करत, आणि धुरीनंतर गळून पडलेले बारीक पांढरे ‘किडे’ रोग्याला दाखवत. प्रत्यक्षात ते उष्णतेने फुटलेल्या बियांतले अंकुर असत. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने आपल्या १७२८ सालच्या ग्रंथात या किड्याबद्दल शंका घेतली होती. किडके दात सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही त्याला किडा काही दिसला नव्हता.

किड्याच्या जागी जंतूला आणून बसवलं ते विलोबी मिलर याने. हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. बर्लिनला येऊन दंतवैद्यकाकडे वळला आणि रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकला. त्याचा प्रयोग कोणालाही समजेल असा होता. उपटलेले धडके दात घ्यायचे, लाळ आणि पाव किंवा साखर यांच्या मिश्रणात टाकायचे आणि शरीराइतक्या उबेत ठेवून द्यायचे. काही काळाने दात मऊ पडत, त्यांतला चुना विरघळलेला असे. लाळ आधी उकळून घेतली तर दातांना काही होत नसे. पाव-साखरेऐवजी मांस ठेवलं तरीही नाही. जिवंत जंतू आणि पिष्ट किंवा शर्करा, दोन्ही हवीत. त्यांतून आम्ल तयार होतं आणि आम्ल दात खातं. १८९० मध्ये इंग्रजीत आलेल्या त्याच्या ग्रंथात हे सगळं आहे. मात्र हे काम अमुक एका जंतूचं, असं मिलरने म्हटलं नाही. तोंडात आम्ल करणारे जंतू पुष्कळ, त्यांतल्या कोणालाही हे जमेल, असं त्याचं मत होतं.

कॉखच्या काळात वाढलेल्या पिढीला हे उत्तर अपुरं वाटणं साहजिक होतं. क्षयाचा जंतू एक, पटकीचा एक, प्लेगचा एक. मग दात किडण्याचाच का नसावा? पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये या शोधाने जोर धरला. जेम्स किलियन क्लार्क या संशोधकाने पूर्ण पोखरलेले दात बाजूला ठेवले आणि नुकती कीड लागलेले दात निवडले. मोठ्या खड्ड्यात हरतऱ्हेचे जंतू येऊन वसतात, तिथे मूळ घुसखोर कोण हे कळणं अवघड. सुरुवातीच्या डागात मात्र गर्दी कमी.

अशा दातांतून क्लार्कला पुन्हा पुन्हा एक जंतू मिळू लागला. तो साखळीने वाढणारा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस कुळातला होता, पण नेहमीच्या स्ट्रेप्टोकॉकससारखा गोल दिसत नव्हता. आम्लधर्मी द्रवात तो लांबट, अंडाकृती होई. हा बदललेला स्ट्रेप्टोकॉकस असावा असं समजून क्लार्कने त्याला म्यूटन्स हे नाव दिलं. साखर मिळाली की तो झपाट्याने आम्ल करी आणि स्वतः केलेल्या आम्लात तगूनही राही. उपटलेल्या दाताच्या पृष्ठभागाला तो घट्ट चिकटे आणि तिथे किडीसारखे डाग पाडी. १९२४ च्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल पॅथॉलॉजी’त क्लार्कचा निबंध आला. चिकटणं, आम्ल करणं आणि आम्लात टिकणं, हे या जिवाणूचे तिन्ही गुण त्याच्या हाती लागले होते.

तरीही बाजी मारली लॅक्टोबॅसिलसने. हाही आम्ल करणारा, आम्लात टिकणारा, आणि खोल किडलेल्या दातात हमखास सापडणारा. लंडनच्याच दुसऱ्या गटाने १९२२ मध्ये त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी तोच धागा पकडला. प्रयोगशाळेत तो ओळखायला सोपा होता. थोड्याच वर्षांत लाळेतल्या लॅक्टोबॅसिलसची मोजणी ही दात किती किडतील याचा अंदाज बांधायची रूढ चाचणी झाली. जो मोजता येतो त्याच्यावरच आरोप ठेवला गेला. तो खड्डा पडल्यावर आत येऊन राहणारा भाडेकरू आहे, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

इकडे १९३२ मध्ये हिंदुस्थान सरकारने साखरेच्या आयातीवर संरक्षक जकात बसवली आणि देशात साखर कारखान्यांचं पेव फुटलं. इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे आणि कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर. सासवड माळ्यांनी स्वतःचा कारखाना काढला तो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळीनगरला. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या वाटेने इथेही सहकारी कारखाने आले आणि १९५० च्या दशकात माळेगाव, भवानीनगरची धुराडी पेटली. गूळ-काकवीवर भागवणाऱ्या घरांत पांढरी साखर पोचली, चहा दिवसातून दोनदा-तीनदा होऊ लागला. वालचंद हिराचंद यांच्याच नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या कारखान्यात १९४२ पासून गोळ्या तयार होऊ लागल्या होत्या; त्या पुढे मराठी मुलांच्या खिशाखिशात गेल्या.

या गोळीचं आणि दाताचं नातं काय, याचं उत्तर स्वीडनमधून आलं, आणि ते ज्या रीतीने मिळवलं गेलं ती लाजिरवाणी होती. लुंडजवळच्या व्हिपेहोम इथे मतिमंद रुग्णांची मोठी संस्था होती. १९४५ पासून काही वर्षं तिथल्या रुग्णांना ठरवून गोड खायला घातलं गेलं: कोणाला जेवणात साखर, कोणाला जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या, काहींना तर दिवसाला चोवीस. रुग्णांची संमती घेतली नव्हती आणि खर्चाचा काही वाटा साखर-चॉकलेट उद्योगाने उचलला होता. १९५४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. जेवणात खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळच्या चिकट टॉफ्यांनी ती भयंकर वाढली. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती किती काळ दातावर राहिली, हे महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेत रॉबर्ट स्टेफन याने आधीच दाखवलं होतं की साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच कोसळतो आणि मूळ पातळीवर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. दाताचं एनॅमल साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळू लागतं. दर तासाला एक गोळी चघळणाऱ्या मुलाच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही.

साखरेचा हिशेब लागला. जंतूचा अजून बाकी होता.

त्याच १९५४ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात फ्रँक ऑर्लंड आणि सहकाऱ्यांनी पूर्ण जंतुमुक्त वातावरणात जन्मलेले, वाढलेले उंदीर घेऊन त्यांना भरपूर साखर चारली. एकाही उंदराचा दात किडला नाही. मिलरचं म्हणणं आता जिवंत प्राण्यात सिद्ध झालं. पुढचं पाऊल वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत पडलं. पॉल कीज याच्याकडे हॅम्स्टरचे दोन कळप होते. दोघांचा खुराक सारखाच गोड, पण एका कळपाचे दात किडत, दुसऱ्याचे किडत नसत. कीजने दोन्ही कळपांतले प्राणी एका पिंजऱ्यात ठेवले आणि निरोगी हॅम्स्टरांचेही दात किडू लागले. दात किडणं हा संसर्ग होता.

१९६० मध्ये रॉबर्ट फिट्झगेराल्ड आणि कीज यांनी किडलेल्या हॅम्स्टरच्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस वेगळा काढला. मग त्याला खूण केली: स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा वाण निवडून तोच निरोगी हॅम्स्टरच्या तोंडात सोडला. दात किडल्यावर त्या खड्ड्यातून जंतू काढून पाहिला, तर तो स्ट्रेप्टोमायसिनमध्ये खुशाल वाढणारा. म्हणजे सोडलेलाच परत सापडला होता. कॉखने रोगजंतू ओळखण्यासाठी घालून दिलेली कसोटी अशी पुरी झाली.

आता शोध सुरू झाला तो माणसाच्या तोंडातल्या त्याच्या भाईबंदांचा. ते किडक्या दातांत सापडले, पण साखर नसेल तेव्हा दाताला ते नीट धरत नव्हते. १९६७ मध्ये रोनाल्ड गिबन्स आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवलं: कीड पाडणारे हे स्ट्रेप्टोकॉकस साखरेपासून डेक्स्ट्रान करतात, आणि माणसाच्या दातावरच्या थरातही ते असतं. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना शंभर वर्षं ठाऊक असलेला पदार्थ दंतवैद्यकात आता पोचला. पुढे कळलं की दातावरच्या या साखळ्यांतल्या बऱ्याच जणी पाण्यात न विरघळणाऱ्या असतात. म्हणूनच नुसती चूळ भरून त्या निघत नाहीत. साखर घातलेल्या आगरवर या जिवाणूच्या वसाहती खडबडीत, दुधी काचेच्या कणांसारख्या उठतात आणि कधीकधी शेजारी चिकट द्रवाचा थेंब साठतो. अनुभवी नजरेला ती बशी पाहूनच अंदाज येतो.

याच सुमारास स्वीडनच्या उमिओमध्ये यान कार्लसन आणि माल्मोमध्ये स्टिग एडवर्डसन तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसची वर्गवारी लावत होते. गुणधर्मांची यादी जुळवता जुळवता त्यांच्या लक्षात आलं की कीड पाडणारा हा जंतू नवा नाहीच. त्याचं वर्णन १९२४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात छापलेलं आहे. १९८० मध्ये जिवाणूंच्या नावांची अधिकृत यादी नव्याने करण्यात आली, तेव्हा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे नाव क्लार्कच्या नावानिशी आणि १९२४ या सालानिशी त्यात आलं. तो बदललेला स्ट्रेप्टोकॉकस आहे, ही क्लार्कची समजूत चुकली होती; पण नामकरणाच्या नियमांत पहिलं नाव टिकतं.

गंमत अशी की नाव परत मिळेपर्यंत जाती फुटू लागल्या होत्या. अमेरिकेतल्या ॲलन कॉयकेंडल याने १९७० च्या दशकात या जंतूंच्या डीएनएची तुलना केली आणि ‘म्यूटन्स’ म्हणून एकत्र बांधलेल्या मोळीत निराळ्याच जाती निघाल्या. उंदरातला रॅटी, हॅम्स्टरमधला क्रिसेटी. माणसात मुख्यतः म्यूटन्स आणि सोब्रिनस. ज्या हॅम्स्टरांनी क्लार्कच्या जंतूला अज्ञातवासातून बाहेर काढलं, त्यांच्या दातात होता तो त्याचा चुलतभाऊ.

आज बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या दवाखान्यात रूट कॅनॉलसाठी उघडलेल्या दाढेत नवी जात निघाली, तर ती नवी आहे हे ठरवायची रीत पार बदललेली आहे. आधी दाढ रबराच्या पडद्याने बाकीच्या तोंडापासून वेगळी करायची, म्हणजे लाळेतले जंतू मिसळत नाहीत. निर्जंतुक कागदी पॉइंटने आतला द्रव टिपायचा आणि प्राणवायू नसलेल्या नळीत बंद करायचा, कारण बुजलेल्या मुळात राहणाऱ्या कित्येक जंतूंना हवा लागली की ते मरतात. पॉर्फिरोमोनास एंडोडोंटॅलिस हा असाच मुळातला रहिवासी; ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याचं वर्णन १९८४ मध्ये केलं. वाढवलेल्या जंतूचं १६ एस नावाचं जनुक वाचून ते ज्ञात जातींशी ताडून पाहतात. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर आशा वाढते. मग संपूर्ण जनुकसंच वाचायचा. जवळच्या जातीशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांहून कमी निघालं, तर जात वेगळी मानतात. शेवटी तो जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कोणालाही तो मागवून पडताळता येतो.

असा एक मोठा संग्रह बारामतीपासून शंभरएक किलोमीटरवर, पुण्यातच आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा हा सूक्ष्मजीव संग्रह डॉ. योगेश शौचे यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. २०१४ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून मेगास्फेरा इंडिका या जातीचं वर्णन केलं. तिलाही प्राणवायू चालत नाही. २०१८ मध्ये गोदावरीच्या पाण्यातून मिळालेल्या जिवाणूला त्यांनी कोरिनेबॅक्टेरियम गोदावरियानम हे नाव दिलं. पण आदल्याच वर्षी जर्मनीतल्या एका रुग्णापासून मिळालेल्या जिवाणूला गॉटिंगेन्स हे नाव मिळालेलं होतं. दोघांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर ती एकच जात निघाली, आणि गोदावरीच्या नावाला मागे सरावं लागलं. क्लार्कचं नाव चाळीस वर्षांनी परत आणणारा नियम तो हाच.

म्यूटन्सचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये ओक्लाहोमात वाचून झाला: सुमारे २० लाख ३० हजार बेस-जोड्या आणि दोन हजारांच्या आतबाहेर जनुकं. त्यांतली बरीचशी नाना तऱ्हेच्या शर्करा आत ओढून पचवण्याच्या कामाची आहेत. २०१३ मध्ये अनेक वाणांची तुलना करून संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की या जिवाणूची प्रजा फोफावली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागला त्या सुमारास. बाळ जन्मतं तेव्हा तो तोंडात नसतो. दात येऊ लागल्यावर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात, तो आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून येतो. घास चाखून त्याच चमच्याने भरवणं, ही त्याची एक नेहमीची वाट.

तोंडात जिवाणूंच्या सातशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि सगळा दोष म्यूटन्सवर टाकणं आता कोणी मानत नाही. काही किडक्या दातांत तो सापडतही नाही. तिथे स्कार्डोव्हिया विग्सी किंवा इतर आम्लकर जाती असतात. अनेक जंतूंचं काम, हे मिलरचं म्हणणं त्यामुळे थोडं पुन्हा खरं ठरू लागलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या दातांवरचा थर तपासून सेलेनोमोनास स्पुटिजेना या चंद्रकोरीच्या आकाराच्या, पोहणाऱ्या जिवाणूचं नाव पुढे आणलं. तोवर त्याची ओळख हिरड्यांच्या आजाराशी जोडलेली होती. डेल्फ्टच्या लेवेनहूकने १६८३ मध्ये दाताचं किटण भिंगाखाली पाहून रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यातल्या चित्रात एक चपळ जीव आणि त्याच्या धावण्याची रेघ काढलेली आहे. तो हाच जिवाणू असावा, असं क्लिफर्ड डोबेल या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये म्हटलं होतं. नव्या प्रयोगात दिसलं ते असं: सेलेनोमोनास म्यूटन्सने विणलेल्या चिकट साखळ्यांत अडकतो, तिथेच झपाट्याने वाढतो आणि म्यूटन्सभोवती मधाच्या पोळ्यासारखी भिंत रचतो. त्या भिंतीआड आम्ल साचत राहतं. एकट्या सेलेनोमोनासने उंदरांचे दात फारसे किडले नाहीत. दोघं एकत्र असले की कीड कितीतरी जास्त झाली, आणि म्यूटन्सला जाळं विणायला साखर लागलीच.